रिमोट कपाटात आहे

महाराष्ट्रात शिक्षक व्हायचं असेल तर हल्ली नोकरी लागेपर्यंत खडूला हात लावावा लागत नाही. शिक्षक अभियोग्यता चाचणी संगणकावर होते: २०० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. एवढ्या वेळात आमचे एक जुने गुरुजी फक्त खुर्ची झटकायचे. चाचणीनंतर पवित्र पोर्टल. पोर्टलचं नावच असं असल्यामुळे माझी आई मला आंघोळीआधी लॉगिन करू देत नाही. तिथे पसंतीक्रम भरायचे, यादीची वाट पाहायची, आणि यादीत नाव आलंच तर तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,०००. अर्जापासून मानधनापर्यंत सगळं डिजिटल झालंय, मधला वर्ग तेवढा अजून विटा-सिमेंटचा राहिलाय.

त्या वर्गाची पूर्वतयारी म्हणून बी.एड.ला माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान शिकवतात. ते आम्ही दोनशे पानी वहीत शिकलो. आंतरक्रियात्मक फलकाचे फायदे मी निळ्या पेनने लिहिले, शीर्षकाखाली काळ्या पेनने दोन रेघा ओढल्या, शेजारी पेन्सिलीने फलकाची आकृती काढून तिला बाण आणि नावं दिली. आकृतीचे पूर्ण गुण मिळाले. आकृतीतल्या फलकाला वायर नव्हती. प्रत्यक्षात तंत्रज्ञानाचा निम्मा प्रश्न वायरीचा असतो आणि उरलेला निम्मा किल्लीचा, हे मला बी.एड.च्या आंतरवासितेसाठी सिंदीच्या शाळेत गेल्यावर कळलं.

सिंदी म्हणजे सिंदी (रेल्वे). हा कंस महत्त्वाचा आहे. वर्धा शहराला खेटून सिंदी (मेघे) आहे, म्हणून सेलू तालुक्यातल्या आमच्या सिंदीला ओळखपत्र म्हणून रेल्वे लावावी लागते. वर्धा जिल्ह्याला पत्त्यांच्या घोळाची परंपराच आहे. गांधीजी ज्या सेगावात राहायला आले, तिथली टपाल शेगावला जायची. शेवटी १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम केलं, तेव्हा पत्रं घरी यायला लागली. आता टपाल कमी झाली, पण माझ्या एका मैत्रिणीला पहिल्या दिवशी फोनमधल्या नकाशानं मेघ्यांच्या सिंदीत नेऊन उभं केलं आणि 'आपण पोहोचला आहात' असं सांगितलं. नकाशातल्या बाईचा आवाज इतका ठाम होता, की मैत्रिणीनं तिथल्या शाळेत अर्धा तास काढला.

मी रेल्वेनं गेले, त्यामुळे चुकायला वाव नव्हता. नागपूरपर्यंत रूळ १८६७ मध्ये आले, आणि तेव्हापासून नागपूर ते वर्धा या पट्ट्यात माणसांची एक स्वतंत्र जात तयार झाली: अपडाऊनवाले. त्यात शिक्षक भरपूर. यांचं खरं स्टाफरूम मेमूच्या डब्यात भरतं. सकाळी बुटीबोरी सुटली की सगळ्यांच्या माना खाली जातात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, काय वाचन आहे! प्रत्यक्षात सगळे लिंक भरत असतात. लिंक हा आजच्या शाळेतला सगळ्यात महत्त्वाचा घटक आहे. ती रात्री ग्रुपवर येते, वर 'अतितात्काळ' लिहिलेलं असतं, आणि माहिती आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत हवी असते. पोषण आहार किती जणांनी खाल्ला, झाडं किती लावली, त्यातली जगली किती, हात किती जणांनी धुतले. एक ज्येष्ठ मॅडम खिडकीशी बसून दोन्ही अंगठ्यांनी टाइप करत मला म्हणाल्या, "पोरी, बोरखेडी यायच्या आत सबमिट कर. पुढं रेंजचा भरोसा नाई." बी.एड.च्या कुठल्याच पेपरात इतकी कामाची सूचना मला मिळाली नव्हती.

शाळेचं नाव सांगत नाही. शाळेत एक स्मार्ट टीव्ही आहे. तो कोणीतरी भेट दिलाय आणि देणाऱ्याचं नाव पडद्याखाली एवढ्या मोठ्या अक्षरात रंगवलंय, की मागच्या बाकावरून टीव्ही दिसत नाही पण दाता दिसतो. टीव्हीवर झालरीचं कव्हर आहे, वर प्लॅस्टिक, त्यावर गोदरेजच्या कपाटातून काढलेली जुनी चादर. रिमोट मात्र कपाटातच. कपाटाची किल्ली हेडसरांकडे. हेडसर पंचायत समितीत मीटिंगला. दुसरी किल्ली शिपाईकाकांकडे असते, पण ती द्यायला हेडसरांनी सांगावं लागतं. हेडसरांना फोन केला तर ते मीटिंगमध्ये असल्यामुळे उचलत नाहीत. मीटिंगचा विषय: शाळांत डिजिटल साधनांचा वापर वाढवणे.

टीव्ही न वापरण्यामागे काकांची स्वतःची भूमिका होती. ते म्हणाले, "मॅडम, वापरला की खराब होते. आन् खराब झाला की लिहून द्या लागते." यात खोट काढता येत नाही. न वापरलेली वस्तू नोंदवहीत कायम नवीन राहते, आणि साठा नोंदवही तपासायला माणूस येतो. वर्ग तपासायला येतोच असं नाही.

म्हणून मी प्रोजेक्टरकडे वळले. तो जुना असल्यामुळे त्याच्यावर कोणाचं प्रेम नव्हतं आणि किल्लीही नव्हती. सहावीला जलचक्र शिकवायचं होतं. प्रोजेक्टरला अंधार लागतो, हे वहीत 'मर्यादा' या शीर्षकाखाली मी लिहिलंच होतं. पण विदर्भात वर्गाला अंधार करणं म्हणजे काय, हे लिहायचं राहिलं होतं. खिडक्या लावल्या, फटींतून ऊन येत होतं तिथं सतरंज्या टांगल्या, दार ओढलं. वर टिनाचं छप्पर. पाच मिनिटांत पाण्याचं बाष्पीभवन सगळ्यांनी आपापल्या सदऱ्यात अनुभवलं. अंधार होताच वर्गाचा स्वभाव बदलला. कोणीतरी शिट्टी मारली. मागून आवाज आला, "इंटरवल कवा हाय मॅडम?" जो सदा पुढं बसण्यासाठी भांडायचा तो उठून मागं गेला, टॉकीजमध्ये मागची सीट चांगली असते, हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं.

ढग तयार झाले, डोंगराकडे सरकले, आणि लाइन गेली.

अशा वेळी विनोदी लेखात शिक्षिका खडू उचलते, फळ्यावर सुंदर ढग काढते आणि मुलं भारावून जातात. आमच्याकडे तसं काही झालं नाही. पहिल्या रांगेतली एक मुलगी अंधारातच म्हणाली, "मॅडम, मी सांगू? आता ते ढग थंडे होते, मंग पाणी पडते, मंग ते नदीनं जाते आन् पयल्या जागी येते." मी विचारलं, तुला कसं माहीत? "हा व्हिडिओ पायला हाये ना मी. बाबाच्या मोबाइलवर. शेवटी तो थेंब टाटा करते." वर्गातल्या अर्ध्यांनी तो पाहिला होता. एकानं तर दुसऱ्या चॅनेलवरचा जास्त चांगला असल्याचं सांगितलं, त्यात थेंबाला मिशा आहेत. रात्री जागून मी जे शोधून आणलं होतं, त्याला या मंडळींनी केव्हाच लाइक करून टाकलं होतं. एवढं करून पाणी समुद्रातून उडतं तेव्हा मीठ कुठं राहतं, हे मात्र एकालाही सांगता येईना. तो प्रश्न व्हिडिओत नव्हता. मग त्यावर भांडण जुंपलं, आणि लाइन आली तेव्हा 'थांबा ना मॅडम, बंद करा' असं मुलांनीच म्हटलं, कारण मीठ खाली उरतं की ढगात जातं यावर दोन पार्ट्या पडल्या होत्या.

सिंदीत आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे, ती तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन निघतात. हा सण नागपूरकर भोसल्यांच्या काळात, दुसऱ्या रघुजींनी सुरू केला असं सांगतात. सिंदीनं तो असा उचलला, की इथले काही लाकडी बैल माणसाहून उंच असतात आणि चाकांवर ओढत न्यावे लागतात. त्यांना झूल, माळा, शिंगांना रंग. पोरांना घरोघरी बोजारा मिळतो. बैल पाहून मला शाळेतला टीव्ही आठवला: तीच झूल, तोच कौतुकसोहळा, तेच फोटो, आणि वखराला जुंपायचा दोघांनाही प्रश्न नाही. पण हे म्हणून झाल्यावर जरा अडखळायला होतं. कारण लाकडी बैलाची दोरी पोराच्या हातात असते. चार वर्षांचं पोरगं त्याला ओढतं, पाडतं, त्याचं शिंग मोडतं, बापाकडून खिळा ठोकून घेतं. शाळेतल्या टीव्हीची दोरी कपाटात आहे.

या जिल्ह्यात साधनांवरून वाद नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि नंतर डॉ. झाकिर हुसेन समितीनं नई तालीमचा आराखडा केला. बी.एड.ला हा पाच गुणांचा प्रश्न असतो. आराखड्यातलं वेळापत्रक मात्र गाइडमध्ये देत नाहीत, आणि तेच वाचण्यासारखं आहे. शाळा साडेपाच तासांची. त्यात हस्तोद्योगाला ३ तास २० मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं. मातृभाषा ४० मिनिटं. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून अर्धा तास. शारीरिक शिक्षण १० मिनिटं आणि सुट्टी १० मिनिटं. आमच्या सहावीला मी हे वाचून दाखवलं. सुट्टी दहा मिनिटं ऐकल्यावर इंग्रज सरकारविरुद्धही झाला नसेल असा गदारोळ झाला.

हस्तोद्योग म्हणजे बहुतेक ठिकाणी टकळी किंवा चरखा. गणित त्यातूनच शिकायचं. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. तर एका गुंडीत सूत किती फूट? २५६०. बाळूनं अर्धी गुंडी कातली आणि मगनची तीनदा तुटली, तर पुढचं गणित आपोआप तयार होतं. टकळीला चार्जिंग लागत नाही, पासवर्ड लागत नाही, अपडेट मागत नाही. हे ऐकून हुरळून जायला होतं, आणि सेवाग्रामच्या आश्रमात सहलीला गेलेला प्रत्येक छात्राध्यापक परत येताना बसमध्ये थोडा हुरळलेला असतोच. पण रोज तीन तास वीस मिनिटं सूत काढणाऱ्या पोराला कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न उरतो. शिवाय सूत मोजलं जायचं. शाळेचा काही खर्च मुलांच्या उत्पादनातून निघावा अशी अपेक्षा होती, त्यामुळे मोजणं आलंच. मोजणं आलं की नोंदवही आली, आणि नोंदवही आली की कोणीतरी न कातलेलं सूत लिहिलंच असणार; शिक्षकाचा स्वभाव १९३७ नंतर बदलला असं मानायला आधार नाही. तेव्हा गुंड्या मोजायचे, आता लिंका. तरी एक फरक मला सारखा टोचतो. टकळी शिक्षकाच्या टेबलावर एक आणि वर्गानं बघायची, अशी योजना कोणी केली नव्हती. ती प्रत्येकाच्या हातात होती. तुटला तर त्याचा तार तुटायचा.

आता क्यूआर कोडचं बघा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. पुढे ते राज्याच्या पुस्तकांत आले, २०१७ मध्ये दीक्षा ॲप सुरू झालं, आणि २०२० मध्ये डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आमच्या बी.एड.च्या वर्गात या बातमीची दोन चर्चासत्रं झाली: एक क्यूआर कोडवर आणि एक, बरीच रंगलेली, अर्धी रक्कम वाटण्यावर. मला त्यातली पहिली गोष्ट आवडली ती अशासाठी, की कोड शाळेच्या कपाटात राहत नाही. तो पुस्तकाबरोबर दप्तरातून घरी जातो आणि बापाच्या फोनपुढे उभा राहतो.

सिंदीत मी तो उभा करून पाहिला. घरी जाऊन पाठातला कोड स्कॅन करायचा, असा अभ्यास दिला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर वर्ग गप्प. शेवटी एक जण उठला. "मॅडम, बाबानं नाई म्हटलं. म्हणे स्कॅन केलं की पैसे कटते." बरोबर आहे. चहाच्या टपरीवर कोड, भाजीवाल्याच्या तराजूवर कोड, मंदिराच्या दानपेटीवर कोड. आजवर घरातल्या माणसानं ज्या ज्या कोडसमोर फोन धरला त्या प्रत्येकानं पैसे घेतले. भूगोलाचा पाठच तेवढा फुकट आहे, यावर कोण विश्वास ठेवणार? एका मुलीनं धाडस केलं होतं. तिनं आधी आजीच्या फोनवरून केलं, कारण आजीच्या खात्यात पैसेच नव्हते. व्हिडिओ पाहून झाल्यावर आजीनं विचारलं म्हणे, "एवढं सांगून किती घेतले?"

सहावीचा हा वर्ग तसा अनुभवी आहे. २०२० च्या जून-जुलैत राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' होतं, सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही शैक्षणिक मालिका लागायची, आणि ही मंडळी पहिलीत होती. त्यातल्या एकाला पहिलीचं काय आठवतं असं विचारलं. तो म्हणाला, "आमची पयली झालीच नाई मॅडम. ते चार्जिंगले लावली होती." घरात फोन एक, तो बापाबरोबर शेतात, संध्याकाळी आला की चार्जिंगला, चार्ज झाला की मोठ्या बहिणीचा तास. मी त्या वर्षी कॉलेजात होते आणि कॅमेरा बंद ठेवून तासाला हजर राहण्यात आमची पिढी तरबेज झाली. त्या पोराला ती सोय नव्हती. बंद ठेवायलाही आधी कॅमेरा लागतो.

कॅमेऱ्यावरून फोटोंकडे यायलाच हवं. शाळेत आज जे घडतं त्याचा फोटो असतो, आणि ज्याचा फोटो नाही ते घडलेलं नसतं. साधा फोटो चालत नाही, खाली अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आणि तापमान छापणारा लागतो. त्यामुळे आमच्या पोरांना अक्षांश-रेखांश भूगोलाच्या पुस्तकाआधी वृक्षारोपणात भेटले. फोटोच्या बाबतीत ती इतकी तयार आहेत, की मी फोन वर केला की खुरपं हातात नसलेला पोरगाही वाकतो. एकदा हात धुवा दिनाला पाणीच नव्हतं. पोरांनी तरी असे मन लावून कोरडे हात चोळले, की फोटो केंद्रात सर्वोत्तम ठरला.

आणि विद्यार्थ्यांच्या नोंदीचं पोर्टल. एका मुलीचं नाव दाखल-खारीज रजिस्टरात एक, आधारवर एक, आणि जन्मदाखल्यावर तिसरंच. ती रोज पहिल्या बाकावर बसते, सगळ्यांत मोठ्यानं 'हजर' म्हणते. पोर्टल म्हणतं, अशी कोणी नाही. विद्यार्थी आधारशी जुळला नाही तर संचमान्यतेत, म्हणजे शाळेची पदं ठरवताना, मोजत नाहीत, आणि मोजले नाहीत तर शिक्षकाचं पद हलतं. त्यामुळे हेडसर तिच्याकडे पाहतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत माया आणि चिंता दोन्ही असतात. तिला नावात दुरुस्ती करायला आईबरोबर तालुक्याला तीनदा पाठवली. चौथ्यांदा जाताना ती मला म्हणाली, "मॅडम, त्यापेक्षा मीच नाव बदलवून घेतो." तिचा विचार मला तांत्रिकदृष्ट्या सगळ्यांत सोपा वाटला.

पाठांच्या टाचणांबद्दल थोडक्यात: मेमूतल्या एका सरांनी मला आपली जुनी टाचणं पेनड्राइव्हवर दिली. कृतिदेवमध्ये टाइप केलेली. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथं ती उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची रास दिसते. मी तशीच छापून मार्गदर्शक प्राध्यापकांना दाखवली. त्यांनी खाली सही केली.

आता सगळे एआयकडे वळलेत. मीही वळले. 'बंदरे' हा घटक होता. सिंदी, जिल्हा वर्धा असं गावाचं नाव घालून टाचण मागितलं. अर्ध्या मिनिटात आलं. उद्दिष्टं, पूर्वज्ञान, प्रस्तावना, सगळं सुबक. उपक्रमात लिहिलं होतं: विद्यार्थ्यांना जवळच्या बंदरावर नेऊन जहाजांतील मालाची चढ-उतार दाखवावी. मी हसले आणि वर्गात सांगितलं, की बघा, यंत्राला आपल्याकडे समुद्र नाही हेही कळत नाही. वर्ग हसला नाही. "पण आपल्याकडं हाये ना बंदर," एक जण म्हणाला, "ड्राय पोर्ट!" आणि खरंच, सिंदीच्या ड्राय पोर्टची चर्चा गावात कित्येक वर्षं आहे, रेल्वेला जोडून माल हाताळायचं केंद्र, त्याचा संबंध थेट न्हावा-शेव्याच्या बंदराशी. ज्यांच्या घरच्या जमिनीचा प्रश्न त्यात होता, त्यांची पोरं वर्गात होती. मग कंटेनर म्हणजे काय, त्यात कापसाच्या गाठी किती बसतील, जहाज इथं कसं येणार, येणारच नसेल तर त्याला बंदर म्हणायचं कशाला, असा तास झाला. मागून एकानं मारुतीच्या देवळाजवळ खरे बंदर भरपूर आहेत असंही सांगितलं. त्याची हिंदी चांगली आहे.

त्याच तासात मी एक धाडस केलं. माझा फोन मुलांच्या हातात दिला आणि म्हटलं, विचारा काय विचारायचं ते, बोलून. पहिल्यानं तोंडाजवळ धरून विचारलं, "जहाज पाण्यात बुडत काहून नाई?" पडद्यावर उमटलं: जहाज पाण्यात बुडत कानून नाही. मग यंत्रानं सागरी कायद्यावर तीन परिच्छेद ऐकवले. दुसऱ्यानं 'मले सांग' म्हटलं, त्याचं 'मळे सांग' झालं आणि शेतीची माहिती आली. पोरं हसून लोळली. मग जलचक्रवाली मुलगी पुढं आली. तिनं घसा साफ केला, मान ताठ केली, आणि अतिशय सावकाश म्हणाली, "जहाज पाण्यामध्ये का बुडत नाही?" लगेच बरोबर उत्तर आलं. मी तिला विचारलं, तुला कसं जमलं? ती म्हणाली, "तुमच्यासारखं बोलली. तुमच्यासारखं बोललं तरच समजते त्याले."

मी थोडा वेळ फळा पुसत राहिले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. या पोरांनी पहिल्या आठवड्यात मला 'काहून'नं सुरू होणारे किती प्रश्न विचारले होते आणि मी 'नीट वाक्यात विचार' म्हणून किती परत पाठवले होते, याचा हिशेब मनात चालू होता. यंत्र निदान काहीतरी उत्तर तरी देत होतं.

नेमकं तेव्हाच पाठनिरीक्षणाला मार्गदर्शक प्राध्यापक दारात उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. वर्गात चार टोळकी झाली होती, फोन मधल्या टोळक्यात, आणि 'काहून' यंत्राला कसं शिकवायचं यावर जोरात प्रयोग चालू होते. एकानं ते पंधरा वेळा वेगवेगळ्या आवाजात म्हणून पाहिलं. प्राध्यापकांनी निरीक्षण तक्ता काढला. 'वर्गनियंत्रण' पुढं त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं. 'शैक्षणिक साधनांचा वापर' पुढं विचारलं, साधन कोणतं? मी म्हटलं, मोबाइल. "कुठाय?" मुलांकडे. "मग तुम्ही काय वापरलं?" याला उत्तर सुचेना. त्यांनी 'साधन शिक्षिकेजवळ आढळले नाही' असं लिहिलं, आणि शेवटी सदय होऊन 'आवाज स्पष्ट' असा एक चांगला शेरा दिला. तो बहुधा वर्गाचा होता.

संध्याकाळी हेडसर मीटिंगहून आले. त्यांना ड्राय पोर्टचा तास फार आवडला. नवोपक्रमाच्या लिंकमध्ये टाकू म्हणाले, आजच शेवटची तारीख होती, ती उद्यापर्यंत वाढवली आहे. "फोटो पाठव." फोटो कोणी काढला नव्हता, फोन पोरांकडे होता. हेडसर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि प्लॅस्टिकमधला रिमोट स्वतः माझ्या हातात ठेवला. "उद्या परत घे तोच तास. टीव्हीसमोर. मी काढतो फोटो."

दुसऱ्या दिवशी चादर, प्लॅस्टिक आणि झालर क्रमाक्रमानं उतरली. पोरं केस ओले करून रांगेत बसली, पुढच्यांनी हात वर धरले. हेडसर खुर्चीवर चढून फोन आडवा करत होते. मी रिमोट टीव्हीकडे रोखून प्रश्न विचारला: जहाज पाण्यामध्ये का बुडत नाही? सगळा वर्ग स्तब्ध. मग तो 'काहून'वाला पोरगा हात खाली न करता हळूच म्हणाला, "मॅडम, कालचंच उत्तर द्यायचं का दुसरं?"